माडावर चढण्याच्या साधनाचा पट्टा कसा निवडावा?

गाईच्या दाव्यासाठी कोणी मोटेचा नाडा वापरला नाही आणि बैलाच्या कासऱ्याने कोणी मोट ओढली नाही. कोणत्या कामाला कोणता दोर लागतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु माडावर चढण्याचे साधन घरी आले की हा विचार मागे पडतो. साधनासोबत आलेला दोर वर्षा-दोन वर्षांत झिजतो आणि मग बाजारात हाताला लागेल तो आणून बांधला जातो. कोणी ट्रकमधील माल आवळण्याचा पट्टा आणतो, कोणी होडीचा नायलॉन दोर आणतो, तर कोणी खाटेची नवार दुपदरी शिवून घेतो. जमिनीवर ओढून पाहिले तर हे सगळेच मजबूत वाटतात. फरक कळतो तो पंधरा मीटर उंचीवर, आणि तेथे तो कळून उपयोग नसतो.

कोकण व गोव्यात माडावर चढणारी माणसे मिळणे कठीण झाले आहे. गोव्यातील पाडेली मंडळींची पुढची पिढी या कामात उतरलेली नाही. केरळातही हीच अडचण आल्यामुळे नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ हा प्रशिक्षण कार्यक्रम तेथे सुरू केला आणि त्यातून तरुण-तरुणींना साधनाच्या साहाय्याने चढण्यास शिकविण्यात आले. या कामात सर्वांत जास्त पसरलेले साधन म्हणजे केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथे तयार झालेले, उभे राहून चढण्याचे साधन. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने बसून चढण्याचे साधनही विकसित केले आहे. या लेखात मुख्यतः उभे राहून चढण्याच्या साधनाचा विचार केला आहे, कारण आपल्याकडील बागांतून तेच अधिक दिसते.

या साधनाचे दोन भाग असतात, एक उजव्या पायाचा व एक डाव्या पायाचा. प्रत्येक भागात पाय ठेवण्याची पायफळी, हाताने धरण्याची मूठ आणि खोडाभोवती जाणारा एक वेढा असतो. एका पायावर वजन दिले की तो भाग खोडाला घट्ट बसतो. तेवढ्यात दुसरा भाग सैल करून वर सरकवायचा असतो. खोडाला खाचा पाडण्याची गरज राहत नाही हा या साधनाचा मोठा फायदा आहे. माडाच्या खोडाला झालेली जखम आंब्यासारखी साल वाढून भरून येत नाही आणि अशा जखमांतूनच सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यास जागा मिळते.

वेढा खोडाला धरतो कसा?

पट्टा निवडण्यापूर्वी त्याच्यावर किती ओढ येते हे समजून घेणे आवश्यक आहे. समजा चढणाऱ्याचे वजन ७० कि.ग्रॅ. आहे, त्याचे पाऊल खोडापासून २५ सें.मी. बाहेर आहे आणि सांगाड्याचे खालचे टोक वेढ्याच्या १५ सें.मी. खाली खोडाला टेकलेले आहे. हा तरफेचा हिशेब आहे. वेढ्यावरील ओढ गुणिले १५ ही वजन गुणिले २५ एवढी असते. म्हणजे वेढ्यावर सुमारे ११७ कि.ग्रॅ. ओढ येते आणि ती वेढ्याच्या दोन बाजूंत विभागली जाते. पाय एकदम टाकला तर ही ओढ क्षणभर दुप्पट होते. म्हणजेच एका बाजूवर सुमारे ११७ कि.ग्रॅ. एवढी ओढ दर पावलाला येते व जाते. वीस मीटरच्या माडावर चढताना-उतरताना हे शंभराहून जास्त वेळा घडते.

आकडा ऐकून पुष्कळांना वाटेल की एवढे वजन तर साधी सुतळीची चार पदरी दोरीही पेलेल. पेलेलही, पण नवी आणि कोरडी असताना, एकदा. गाठ मारली की दोराची ताकद गाठीच्या प्रकाराप्रमाणे तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होते. लोखंडी नळीच्या कडेवरून पट्टा वळतो तेथे तो झिजतो. पावसात भिजतो, उन्हात वाळतो. हे सर्व धरून, वेढ्यासाठी घ्यावयाच्या पट्ट्याची तुटण्याची ताकद किमान १,५०० कि.ग्रॅ. असावी असे मी सुचवीन. पट्ट्याची रुंदी पाहून ताकद ठरवू नये. २५ मि.मी. रुंदीचे दोन पट्टे शेजारी ठेवले तर विणीच्या जाडीप्रमाणे एकाची ताकद दुसऱ्याच्या दुप्पटही असू शकते. पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचावी. चिठ्ठीवर बहुधा दोन आकडे असतात, एक तुटण्याचा व एक कामाचा. विक्रेता मोठा आकडा सांगतो, पण आपल्याला कामाचा आकडा पाहावयाचा आहे. वजन उचलण्याच्या सपाट पट्ट्यांमध्ये कामाच्या आकड्याच्या सातपट तुटण्याची ताकद ठेवलेली असते. माल आवळण्याच्या पट्ट्यांत ही सूट पुष्कळ कमी असते. चिठ्ठीच नसलेला पट्टा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पायाचा पट्टा ताणणारा नको

ताकदीपेक्षाही पायाच्या पट्ट्यात महत्त्वाचा गुण म्हणजे ओझ्याखाली तो लांबता कामा नये. आपल्या उदाहरणातील वेढा १.२ मीटर लांब धरला आणि तो पाच टक्के ताणला, तर ६ सें.मी. लांबी वाढते. दोन्ही बाजूंनी ३ सें.मी. म्हणजे सांगाड्याचे वरचे टोक खोडापासून ३ सें.मी. दूर सरकते आणि पायाखालची फळी पाचास एक अशी उतरती होते. शेवाळ धरलेल्या खोडावर ओल्या पायांनी अशा उतारावर उभे राहणे किती कठीण आहे हे सांगावयास नको.

येथेच नायलॉन मागे पडतो. नायलॉन मजबूत आहे, पण ओझ्याखाली तो पॉलिएस्टरपेक्षा बराच जास्त ताणतो. शिवाय तो पाणी शोषतो आणि भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. पॉलिएस्टर कमी ताणतो, पाणी फारसे घेत नाही आणि उन्हातही जास्त टिकतो. म्हणून कापडी पट्टा वापरावयाचा असेल तर पायासाठी पॉलिएस्टरचाच घ्यावा. पॉलिप्रॉपिलीनचे रंगीत दोर सर्वांत स्वस्त मिळतात व वजनाला हलके असतात, परंतु उन्हाने ते लवकर कडक होऊन त्यांचा भुसा पडू लागतो. घर्षणाच्या उष्णतेनेही ते लवकर वितळतात. गोठ्यात दावे म्हणून ते चालतील, माडावर नकोत.

काथ्याच्या दोराबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण जुने चढणारे पायांत काथ्याच्याच दोराचा वेढा अडकवून जन्मभर चढले. त्यांचे चुकत नव्हते. काथ्या खरखरीत असल्यामुळे खोडाला उत्तम धरतो आणि तो वेढा दोन पावलांमध्ये फक्त पकड देतो, माणसाचे सगळे वजन तरफेने त्याच्यावर येत नाही. शिवाय दोर नरम पडला की ते दुसरा वळून घेत. तोच दोर लोखंडी साधनाला बांधला तर मात्र त्याचे काम बदलते. काथ्या ओझ्याखाली ताणतो, ओला राहून कुजतो आणि आतून कुजलेला बाहेरून दिसत नाही. खाटेची सुती नवारही याच कारणासाठी वर्ज्य समजावी.

चेंबेरी पद्धतीच्या पुष्कळ साधनांना कापडी पट्टा नसून तारेचा दोर असतो व त्यावर प्लॅस्टिकचे किंवा रबराचे आवरण असते. साधन तारेच्या दोरासाठी बनविलेले असेल तर बदलताना तारेचाच दोर घालावा. तार जेथून वळते ती नळीची कड कापडी पट्ट्याला करवतीसारखी कापते. तारेच्या दोराचे टोक कारखान्यात दाबून बसविलेल्या नळीने बंद केलेले असावे हे उत्तम. तशी सोय नसल्यास तालुक्याच्या गावी क्लॅम्प लावून मिळतात, पण ते उलटे लावण्याची चूक सर्रास होते. क्लॅम्पची यू आकाराची सळई दोराच्या सुट्या, आखूड टोकावर आली पाहिजे आणि खोबणी असलेला भाग ओझे घेणाऱ्या लांब दोरावर. उलटे लावल्यास सळई ओझ्याच्या दोरालाच चिमटा घेते. क्लॅम्प तीनपेक्षा कमी नसावेत आणि पहिल्यांदा वजन दिल्यानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. आवरण असलेल्या तारेत गंज आतल्या आत वाढतो. आवरण फुगलेले दिसले किंवा हातमोजा घालून हात फिरविताना तुटलेल्या तारेचा काटा लागला, तर तो दोर बाद करावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे लवकर होते.

खोड वर निमुळते होत जाते, हे विसरू नये

पट्टा चांगला असूनही फळी उतरती होण्याचे दुसरे कारण खोडाच्या घेरात आहे. छातीच्या उंचीवर माडाचा घेर ९० सें.मी. आणि शेंड्याखाली ७० सें.मी. असेल तर व्यासात सहा सें.मी.हून जास्त फरक पडतो. खाली घट्ट बसविलेल्या वेढ्यात वर पोचेपर्यंत सात-आठ सें.मी.चा ढिलेपणा येतो. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. चढताना सुरुवातीलाच पायफळीचे बाहेरचे टोक थोडे वर उचललेले राहील असा वेढा आवळावा, म्हणजे वर जाता जाता फळी आपोआप समपातळीत येते. आणि फरक जास्त असेल तर वेढा मध्येच कमी करता येईल अशी रचना निवडावी. पट्टा एकाच लांबीचा, कायम शिवलेला असेल तर तो प्रत्येक माडाला कसा बसणार? बागेतील दहा-बारा माडांचे घेर सुतळीने मोजून ठेवावेत. काम अर्ध्या तासाचे आहे.

बुंध्याचा फुगवटा जेथे संपतो तेथून चढण्यास सुरुवात करावी. पोफळीचे खोड फारच बारीक असल्याने माडाचे साधन पट्टा आवळून पोफळीला लावण्याचा प्रयत्न करू नये. सांगाडा खोडाला नीट टेकत नाही.

माणसाचा पट्टा वेगळा

आतापर्यंत लिहिले ते सर्व पाय धरणाऱ्या पट्ट्याविषयी. माणूस धरणारा पट्टा ही स्वतंत्र वस्तू आहे आणि या दोहोंची गल्लत हीच माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. चेंबेरी पद्धतीच्या साधनात पाय निसटला तर साधन खोडावर राहते आणि माणूस खाली येतो. ही उणीव ओळखून कासारगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने या साधनाला जोडण्याची सुरक्षा व्यवस्था तयार केली आहे. नवे साधन घेताना अशी जोडणी असलेलेच मागावे.

अमेरिकेत हरणांची शिकार करणारे काही लोक खोडाला आवळलेल्या लहान पायफळीवर उभे राहतात व कमरेभोवतीच्या झोळीसारख्या पट्ट्यात बसून तासन् तास झाडावर काढतात. शिकारीशी आपल्याला कर्तव्य नाही, पण त्यांची एक रीत घेण्यासारखी आहे. पायफळी आवळणारा पट्टा वेगळा व न ताणणारा, आणि माणूस ज्याला टांगलेला असतो तो दोर वेगळा व खोडाला स्वतंत्र बांधलेला. पायफळी निसटली तरी माणूस दोरावर राहतो.

माणसाच्या पट्ट्याला थोडा ताण हवाच. येथे नायलॉनचा दोष गुण ठरतो. ७० कि.ग्रॅ.चा माणूस एक मीटर घसरला आणि दोराने त्याला ५ सें.मी.त थांबविले, तर सरासरी हिसका सुमारे १,४७० कि.ग्रॅ.चा बसतो. १० सें.मी.त थांबविले तर सुमारे ७७० आणि ३० सें.मी.त थांबविले तर सुमारे ३०० कि.ग्रॅ.चा. दोर तुटत नाही हे खरे, पण माणसाच्या कण्याचे काय? त्यामुळे तारेचा किंवा अजिबात न ताणणारा दोर हिसका शोषणाऱ्या जोडाशिवाय अंगाला बांधू नये. त्याहून चांगले म्हणजे घसरण्यास जागाच ठेवू नये. दोर नेहमी कमरेच्या वर आणि ताठ असावा, ढील फार तर अर्धा मीटर.

कमरेचा साधा पट्टा फक्त तोल सावरण्यासाठी आहे. पडणाऱ्या माणसाला तो पोटात आवळतो आणि माणूस त्यातून निसटूही शकतो. खांदे व मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा व त्यावर आय.एस. ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे.

आता माडाची खास अडचण. आंब्यावर दोराचा वेढा खाली घसरला तर फांदीला अडतो. माडाला फांदी नाही. खोडाभोवती नुसता सैल वेढा टाकलेला असेल तर माणसासकट तो खोडावरून घसरत जमिनीपर्यंत येऊ शकतो. म्हणून माडावर वजन पडताच खोडाला आवळणारा फास हवा, नुसता वेढा नव्हे. शेंड्याखाली पोचल्यावर दोन्ही हात सोडण्यापूर्वी फासाचा पट्टा खोडाभोवती टाकून अंगाच्या पट्ट्याला अडकवावा. झावळीच्या देठाला कधीही अडकवू नये. खालच्या झावळ्या वरून हिरव्या दिसल्या तरी बुडाशी सुटत आलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट कोयतीची. ताणलेला दोर सैल दोरापेक्षा कितीतरी सहज कापला जातो, धार नुसती लागली तरी पुरे होते. घड कापताना पट्टा कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे, आणि कोयती अडकविण्याची जागा पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावी.

पट्ट्याला निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. पट्टा लावला म्हणजे एकट्याने बागेत जावे असा अर्थ होत नाही. खाली दुसरा माणूस हवा आणि त्याला वर चढून सोडविण्याचा मार्ग माहीत हवा.

बकल, शिलाई व इतर

दातांच्या दाबाने धरणारे बकल चिखलाने किंवा शेवाळाने माखलेल्या पट्ट्यावर घसरते. पट्टा बकलातून दोनदा उलटून घेता येईल असे बकल निवडावे व बाहेर हातभर नाही तरी दहा सें.मी. शेपूट सोडावे. ट्रकच्या पट्ट्यावरील खटक्याचे आवळणे जोरदार असते, पण खटका उघडला की पूर्ण पट्टा एकदम सुटतो. आंबा-फणसाच्या झाडावर छाटणी किंवा कलमबांधणीसाठी तात्पुरती फळी आवळण्यास तो चालेल, अर्थात माणूस वेगळ्या दोराने बांधलेला असताना. काम झाल्यावर असा पट्टा लगेच सोडून घ्यावा. आंब्याच्या सालीखाली वाढीचा थर असतो. पट्टा महिनोन् महिने आवळलेला राहिल्यास तेथे खाच पडते व अन्नरसाचा प्रवाह अडतो.

शिलाई पट्ट्याच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाच्या धाग्याची असावी, म्हणजे तुटलेला टाका लगेच दिसतो. मोच्याकडून सुती दोऱ्याने शिवून घेतलेला जोड पहिल्या पावसाळ्यातच कुजू लागतो. भोक हवे म्हणून तापलेला खिळा पट्ट्यातून घालणे ही तर हमखास मोडण्याची जागा तयार करणे होय.

वापरल्यानंतर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. नायलॉनला आम्ल मारते आणि पॉलिएस्टरला तीव्र अल्क. म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ एक ठेवू नये व चुन्याच्या पोत्याजवळ दुसरा. पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारताना वापरलेला पट्टा त्याच दिवशी धुवावा. खतांच्या, औषधांच्या खोलीत किंवा पत्र्याखाली तो टांगू नये, उंदरांपासूनही जपावा.

दर वेळी चढण्यापूर्वी जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन्ही पायफळ्यांवर उभे राहून तीन-चार हिसके द्यावेत व वेढा किती सरकतो ते पाहावे. पट्ट्याची कड कुरतडलेली, चकाकी आलेली, कडक झालेली किंवा रंग उडालेली दिसल्यास तो बाद करावा. उत्पादकाने लिहिलेली मुदत संपल्यावर, तसेच एकदा पडणाऱ्या माणसाचा हिसका घेतलेला पट्टा वरून धडधाकट दिसला तरी, पुन्हा वापरू नये. आणि बाद केलेला पट्टा कोनाड्यात ठेवू नये. त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून टाकावेत, नाहीतर पुढच्या पाडणीच्या दिवशी घाईत तोच कोणाच्या तरी हाताला लागतो.